फ्रिजवरचा तक्ता : चयापचय, उष्मांक आणि आपले घर

तीन वर्षांपूर्वीची गोष्ट. नवरात्राच्या थोडे आधी एक आई आपल्या तेरा वर्षांच्या मुलीला घेऊन माझ्या दवाखान्यात आली. शाळेत प्रार्थनेच्या वेळी मुलगी चक्कर येऊन पडली होती. जन्मापासून माझ्याकडे येणारी ही मुलगी, त्यामुळे तिच्या वाढीचा आलेख माझ्या संग्रही होता. सहा महिन्यांपूर्वी तिची उंची १५२ सेंटिमीटर आणि वजन ४६ किलो होते. वयाच्या मानाने उत्तम. त्या दिवशी उंची तेवढीच भरली आणि वजन मात्र ४० किलो. हात गार, नाडी मंद, चेहरा सुकलेला. बाराव्या वर्षी सुरू झालेली मासिक पाळी तीन महिन्यांपासून आलेली नव्हती.

अशा वेळी डॉक्टरच्या मनात येणारे सगळे विचार माझ्याही मनात आले. क्षयरोग, मधुमेह, थायरॉइड, आतड्याचे विकार. तपासण्या केल्या, आजार काही सापडला नाही. मग मी मुलीला जवळ बसवून विचारले, ‘‘बाळ, सकाळपासून रात्रीपर्यंत तू काय काय खातेस, ते सांग बघू.’’ ती पाठ केल्यासारखी सांगू लागली. सकाळी बिनसाखरेचा चहा आणि दोन टोस्ट, दुपारी एक फुलका, अर्धी वाटी वरण, काकडी. संध्याकाळी एक सफरचंद. रात्री पुन्हा एक फुलका आणि भाजी. तेरा वर्षांचे मूल इतके मोजूनमापून उत्तर देत नाही. ‘‘हे तुला कोणी सांगितले?’’ या माझ्या प्रश्नावर ती सहज म्हणाली, ‘‘फ्रिजवर लावलंय ना.’’

आईचा चेहरा एकदम उतरला. ‘‘अहो मॅडम, तो तक्ता तर माझा आहे!’’

आईने वजन कमी करण्यासाठी एका व्यायामशाळेतून दिवसाला १२०० उष्मांकांचा छापील तक्ता आणला होता आणि तो फ्रिजच्या दारावर चिकटवला होता. मुलीने तो कोणालाही न सांगता स्वतःला लागू केला होता. आईचे वजन तीन महिन्यांत तीन किलो उतरून थांबले होते आणि ती कंटाळून पुन्हा पूर्ववत जेवू लागली होती. मुलीने मात्र तक्ता सोडला नव्हता.

आकडा एकच, घर एकच. पण शरीरे दोन. हा आकडा एकीला फारसा फळला नाही आणि दुसरीला थेट आजारपणाकडे घेऊन गेला. असे का व्हावे, हे समजून घ्यायचे तर चयापचय म्हणजे काय आणि रोजची उष्मांकांची गरज कशी ठरते, हे थोडे मुळापासून पाहावे लागेल. माझ्या व्यवसायबंधूंना यातील बराच भाग परिचित आहे. परंतु ही स्मरणिका घरोघरी वाचली जाते, म्हणून ही उजळणी.

शरीरातील मंद आच

आपल्या आयुर्वेदाने ‘अग्नी’ ही कल्पना फार पूर्वी मांडली. पाश्चात्त्य विज्ञानात तिला मोजमापाची जोड मिळाली ती अठराव्या शतकाच्या उत्तरार्धात. फ्रान्समध्ये लाव्हाझिए आणि लाप्लास यांनी बर्फाने वेढलेल्या पात्रात एक गिनी पिग ठेवला आणि त्याच्या शरीराच्या उष्णतेने किती बर्फ वितळतो, तसेच त्याच्या श्वासातून किती कार्बन डायऑक्साइड बाहेर पडतो, हे मोजले. श्वसन हे एक मंद ज्वलनच आहे, हा त्यांचा निष्कर्ष होता. पुढे एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस अमेरिकेत ॲटवॉटर यांनी माणूस राहू शकेल एवढ्या बंद खोलीत हीच मोजमापे केली. एक ग्रॅम कर्बोदकांपासून ४, एक ग्रॅम प्रथिनांपासून ४ आणि एक ग्रॅम स्निग्ध पदार्थांपासून ९ उष्मांक मिळतात, हे आजही वापरात असलेले आकडे त्यांच्याच कार्यातून आले.

उष्मांक, म्हणजेच व्यवहारात आपण जिला कॅलरी म्हणतो ती, हे उष्णतेचे माप आहे. एक लिटर पाण्याचे तापमान एक अंश सेल्सिअसने वाढवण्यास जेवढी उष्णता लागते, तो आहारशास्त्रातील एक उष्मांक. आणि चयापचय म्हणजे अन्नातून ऊर्जा मिळवणे, ती साठवणे, खर्चणे आणि शरीराची झीज भरून काढणे, या अखंड चाललेल्या रासायनिक क्रियांचा समुच्चय.

दिवसाचा खर्च कोठे होतो?

पुष्कळांची समजूत अशी असते की, आपण खातो ते चालण्याफिरण्यात आणि कामात खर्च होते. वस्तुस्थिती निराळी आहे. बैठे काम करणाऱ्या माणसाच्या एकूण खर्चापैकी साधारण साठ ते सत्तर टक्के ऊर्जा नुसते जिवंत राहण्यासाठी खर्च होते. हृदयाचे ठोके, श्वास, यकृताचे कारखाने, मूत्रपिंडांचे गाळणे, मेंदूचा अविरत व्यवहार या सगळ्याचा हा खर्च; यालाच मूलभूत चयापचय म्हणतात. सुमारे दहा टक्के ऊर्जा अन्न पचवण्यातच जाते. त्यातही प्रथिने पचवायला सर्वांत जास्त खर्च येतो, स्निग्ध पदार्थांना सर्वांत कमी. उरलेला भाग हालचालीचा.

मूलभूत खर्चाची वाटणीही पाहण्यासारखी आहे. विश्रांतीच्या स्थितीत एक किलो हृदय किंवा मूत्रपिंड दिवसाला सुमारे ४४० उष्मांक जाळते, एक किलो मेंदू २४०, एक किलो यकृत २००. एक किलो स्नायू मात्र सुमारे १३ आणि एक किलो मेद जेमतेम साडेचार. म्हणजे आपल्या पोटावरची चरबी ही जवळजवळ फुकट राहणारी भाडेकरू आहे! जागा व्यापते, पण खर्चात तिचा वाटा नाममात्र.

बालरोगतज्ज्ञ म्हणून मला यातील एक गोष्ट विशेष विस्मयकारक वाटते. साधारण पाच वर्षांच्या मुलाचा मेंदू विश्रांतीच्या खर्चापैकी जवळजवळ दोनतृतीयांश इतकी ऊर्जा एकटा वापरतो, असे २०१४ साली प्रसिद्ध झालेल्या एका संशोधनात दिसून आले. प्रौढात हाच वाटा सुमारे एकपंचमांश असतो. मूल लहान दिसते. त्याचे शरीर मात्र एका मोठ्या बांधकामाचा खर्च चालवत असते.

आता आपल्या कथेतील आईचा हिशेब मांडू. मूलभूत खर्च काढण्यासाठी १९९० सालचे एक सूत्र प्रचारात आहे. किलोतील वजनाला १० ने आणि सेंटिमीटरमधील उंचीला ६.२५ ने गुणून बेरीज करावी, त्यातून वयाच्या पाचपट वजा करावे. पुरुषांसाठी त्यात ५ मिळवावेत आणि स्त्रियांसाठी १६१ वजा करावेत. आईचे वय ४४, उंची १५५ सेंटिमीटर, वजन ६८ किलो. म्हणजे ६८० अधिक ९६९, वजा २२०, वजा १६१. उत्तर सुमारे १२७०.

पण ही सूत्रे पाश्चात्त्यांच्या मोजमापांवर बेतलेली असल्याने भारतीयांना ती थोडी जास्त रक्कम सांगतात. याला आपली शरीररचना बऱ्याच अंशी कारणीभूत आहे. पुण्याचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांनी २००४ साली ‘लॅन्सेट’मध्ये एक मार्मिक छायाचित्र प्रसिद्ध केले होते. त्यात ते स्वतः आणि त्यांचे ब्रिटिश सहकारी डॉ. युडकिन शेजारी उभे आहेत. दोघांचाही बॉडी मास इंडेक्स २२.३; परंतु युडकिन यांच्या शरीरात मेद ९.१ टक्के आणि याज्ञिकांच्या शरीरात २१.२ टक्के. आपण बारीक दिसतो, पण स्नायू कमी आणि मेद अधिक. म्हणूनच आपल्याकडे बॉडी मास इंडेक्स २३ च्या पुढे गेला की वजन अधिक मानावे, आणि कंबरेचा घेर पुरुषांत ९० व स्त्रियांत ८० सेंटिमीटरच्या आत असावा, असे सांगितले जाते.

तेव्हा आईचा मूलभूत खर्च साडेअकराशे ते बाराशे धरू. त्यात पचनाची आणि घरकाम, बाजारहाट यांची भर घातली, तर तिची दिवसाची एकूण गरज १७०० उष्मांकांच्या आसपास येते. भारतीय वैद्यक संशोधन परिषद आणि हैदराबादची राष्ट्रीय पोषण संस्था यांनी २०२० साली दिलेल्या शिफारशींत ५५ किलो वजनाच्या, बैठे काम करणाऱ्या स्त्रीसाठी १६६० आणि ६५ किलोच्या पुरुषासाठी २११० हे आकडे आहेत. आपला हिशेब त्याच्याशी जुळतो.

याच शिफारशींत तेरा ते पंधरा वर्षांच्या मुलीसाठी कोणता आकडा आहे? २४०० उष्मांक. १२०० चा तक्ता आईच्या गरजेच्या सत्तर टक्के होता आणि मुलीच्या गरजेच्या निम्मा.

‘माझे मेटाबॉलिझमच मंद आहे’

हे वाक्य दवाखान्यात, लग्नसमारंभात आणि आपल्या मंडळाच्या स्नेहसंमेलनात मी शेकडो वेळा ऐकले आहे. खरे सांगायचे तर पन्नाशी ओलांडल्यावर मी स्वतःही ते म्हणू लागले होते.

२०२१ साली ‘सायन्स’ या नियतकालिकात या विषयावरील एक मोठा अभ्यास प्रसिद्ध झाला. आठ दिवसांच्या अर्भकापासून ते पंचाण्णव वर्षांच्या वृद्धांपर्यंत, २९ देशांतील ६४०० हून अधिक लोकांचा रोजचा ऊर्जाखर्च त्यात तपासण्यात आला. शरीराचा आकार आणि मेद यांचा हिशेब जमेस धरल्यावर असे दिसले की, एक वर्षाच्या बाळाचा खर्च प्रौढाच्या मानाने सुमारे पन्नास टक्के अधिक असतो. तेथून तो विसाव्या वर्षापर्यंत हळूहळू खाली येतो. विसाव्यापासून साठाव्या वर्षापर्यंत तो जवळजवळ स्थिर राहतो, आणि साठीनंतर वर्षाला सुमारे ०.७ टक्के या गतीने उतरतो. म्हणजे तिशीत, चाळिशीत किंवा रजोनिवृत्तीच्या काळात वाढणाऱ्या वजनाचे खापर आपण ज्या ‘मंदावलेल्या’ चयापचयावर फोडतो, तो आरोप बहुतांशी खोटा ठरतो. थायरॉइडची कमतरता खरोखरच असेल तर तिच्यावर उपचार अवश्य करावेत. पण तिच्यामुळे वाढणारे वजन सहसा दोनचार किलोंपलीकडे जात नाही आणि त्यातही पाण्याचा भाग बराच असतो.

मग वजन वाढते कशाने? १९९२ साली न्यूयॉर्कमध्ये ‘आम्ही बाराशेपेक्षा कमी खातो, तरी वजन हलत नाही’ असे सांगणाऱ्या दहा व्यक्तींचा बारकाईने अभ्यास झाला. त्यांचे चयापचय सर्वसामान्य निघाले. मात्र ते प्रत्यक्ष खात होते त्यापेक्षा सरासरी ४७ टक्के कमी सांगत होते आणि आपली हालचाल ५१ टक्के वाढवून सांगत होते. हे लोक खोटारडे नव्हते. मनुष्यस्वभावच असा आहे.

हे वाचल्यावर मी एक आठवडा प्रामाणिकपणे वही ठेवली. आपण पंधराशे उष्मांक खातो, अशी माझी ठाम समजूत होती. वहीने साडेएकोणीसशे दाखवले. जेवणात मी काही चुकत नव्हते. बाह्यरुग्ण तपासताना येणारे चार कप चहा आणि प्रत्येकी दोन चमचे साखर, बाळाच्या जन्माचे पेढे, चहाबरोबरची शेव, रविवारच्या पोह्यांवरची जिलबी, कोणाचे मन मोडू नये म्हणून घेतलेला ‘एकच’ लाडू. जेवण म्हणून न मोजलेले खाणे म्हणजे न खाल्लेलेच, असा हिशेब मी वर्षानुवर्षे करत आले होते.

दुसरा घटक हालचालीचा. पण तो व्यायामापेक्षाही दिवसभराच्या साध्या वावराचा. १९९९ सालच्या एका प्रयोगात सोळा जणांना आठ आठवडे रोज १००० उष्मांक जास्त खाऊ घातले. कोणाची चरबी जेमतेम पावशेर-दीडपाव वाढली, तर कोणाची चार किलोंहून अधिक. या फरकाचे मुख्य कारण व्यायाम नव्हता. उठणे, बसणे, उभे राहणे, घरात फिरणे ही सहजी होणारी हालचाल काहींत आपोआप वाढली, काहींत वाढली नाही. मुलांना ‘एका जागी नीट बस’ म्हणून दटावताना मला हल्ली हा प्रयोग आठवतो.

सात हजार सातशेचे फसवे गणित

एक किलो चरबीच्या ऊतीत सुमारे ७७०० उष्मांक असतात. यावरून एक सोपे गणित सर्वत्र सांगितले जाते : रोज २५० उष्मांक कमी करा, वर्षात ९१ हजार वाचतील आणि बारा किलो वजन उतरेल. कागदावर हे बिनचूक आहे. प्रत्यक्षात असे होत नाही. वजन उतरू लागले की शरीर लहान होते, लहान शरीराचा खर्च कमी होतो, हालचालही नकळत मंदावते आणि भूक वाढते. त्यामुळे उतरण हळूहळू सपाट होत जाते.

केविन हॉल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०११ साली ‘लॅन्सेट’मध्ये अधिक वास्तव हिशेब मांडला. रोजच्या आहारात कायमचा २४ उष्मांकांचा बदल केला, तर शेवटी सुमारे एक किलोचा फरक पडतो. त्यातील निम्मा पहिल्या वर्षात आणि जवळजवळ सगळा तीन वर्षांत. म्हणजे २५० उष्मांकांनी बारा किलो नव्हे, तर वर्षात पाच आणि तीन वर्षांत दहा किलो. हा एक हिशेब आधीच सांगितला असता, तर किती लोक निराश होऊन मधेच थांबले नसते! तीन महिन्यांनी काटा थांबला म्हणजे आपले शरीर बिघडले, असे त्या आईला वाटले होते. शरीर आपले काम चोख करत होते. अपेक्षाच चुकीची होती.

घाई केली तर शरीर अधिकच हट्टाला पेटते. दुसऱ्या महायुद्धाच्या अखेरीस, १९४४-४५ मध्ये, अमेरिकेतील मिनेसोटा विद्यापीठात ॲन्सेल कीज यांनी ३६ निरोगी तरुण स्वयंसेवकांना चोवीस आठवडे अर्धपोटी ठेवले. त्यांना रोज सरासरी सुमारे १५७० उष्मांक मिळत. त्यांचे वजन जवळजवळ एकचतुर्थांशाने घटले, मूलभूत चयापचय सुमारे ४० टक्क्यांनी खाली आले, थंडी वाजू लागली, उत्साह गेला आणि रात्रंदिवस डोक्यात अन्नाशिवाय दुसरा विचार उरला नाही. ज्या आहाराला त्या शास्त्रज्ञांनी ‘अर्धउपासमार’ म्हटले, त्याहून कमी उष्मांकांचे तक्ते आज आपण सर्रास फ्रिजवर लावतो, हे लक्षात घेण्यासारखे आहे. २०१६ साली प्रसिद्ध झालेल्या आणखी एका अभ्यासात, दूरचित्रवाणीवरील वजन घटवण्याच्या स्पर्धेत झपाट्याने वजन उतरवलेल्या चौदा जणांना सहा वर्षांनी तपासले गेले. बहुतेकांचे बरेचसे वजन परत आले होते, आणि चयापचय मात्र अपेक्षेपेक्षा दिवसाला सुमारे ५०० उष्मांकांनी कमीच राहिले होते.

म्हणून त्या आईला मी नवा तक्ता दिला नाही. आम्ही दोघींनी बसून तिच्या स्वयंपाकघराचा हिशेब केला. चार माणसांच्या घरात महिन्याला चार लिटर तेल लागत होते. दरडोई एक लिटर, म्हणजे रोजचे जवळजवळ २७० उष्मांक. ते तीन लिटरांवर आणले. दरडोई सत्तरएक वाचले. तिच्या चार कप चहांतील साखर निम्मी केली, ऐंशी वाचले. संध्याकाळची मूठभर शेव, सुमारे ३० ग्रॅम, रोजच्याऐवजी आठवड्यातून दोनदा; सरासरी सव्वाशेच्या आतबाहेर. झाले की अडीचशेहून अधिक! फुलक्याला, वरणभाताला हात लावला नाही. उलट प्रत्येक जेवणात वरण, उसळ, दही किंवा ताक यांपैकी काहीतरी वाढवले. प्रथिनांनी पोट भरलेले राहते आणि स्नायू टिकतात.

चालणे अर्थातच सांगितले. मात्र ते कशासाठी, हेही स्पष्ट केले. तासभर झपाझप चालल्याने बसून राहण्यापेक्षा जेमतेम दीडशे उष्मांक जास्त खर्च होतात. सराफ्यातली एक ठसठशीत जिलबी तेवढे परत आणते. तेव्हा चालून जिलबी ‘जाळण्याचा’ सौदा करू नये. चालावे ते रक्तातील साखर, रक्तदाब, झोप आणि मन यांच्यासाठी, स्नायूंसाठी, आणि उतरलेले वजन उतरलेलेच राहावे यासाठी. पहिल्या वर्षात त्या आईचे वजन साडेचार किलोंनी उतरले. या वेळी ती निराश झाली नाही, कारण एवढेच उतरणार, हे तिला ठाऊक होते.

सध्या सेमाग्लुटाइड आणि टिर्झेपटाइड या औषधांचा बोलबाला आहे. योग्य रुग्णात, योग्य देखरेखीखाली ती उपयुक्त आहेतच. पण त्यांचे मुख्य काम भूक आवरण्याचे आहे. शरीराची भट्टी पेटवण्याचे नव्हे. सेमाग्लुटाइडचे उपचार थांबवल्यावर वर्षभरात उतरलेल्या वजनापैकी दोनतृतीयांश परत आले, असे २०२२ साली प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांत दिसते. औषध घेतले तरी स्वयंपाकघराचा हिशेब चुकत नाही.

वाढत्या वयाचे गणित निराळे

आता पुन्हा मुलीकडे वळू. मौज अशी की, उंची आणि वजन वाढवण्यासाठी नव्या ऊतींत जी ऊर्जा साठते, ती या वयात एकूण गरजेच्या दोनएक टक्क्यांहून जास्त नसते. पहिल्या महिन्याच्या बाळात हाच वाटा एकतृतीयांशाच्या घरात असतो. मग मोठ्या मुलांची उपासमार झाली, तर वाढ का खुंटावी? कारण शरीर हे अडचणीत आलेल्या शहाण्या गृहस्थासारखे वागते. हृदय, मेंदू, श्वास यांना कात्री लावता येत नाही. पुढे ढकलता येण्याजोगे खर्च आधी थांबतात : उंची, हाडांची घडण आणि प्रजननसंस्था. मेंदूतून बीजकोशांना जाणारे संदेश मंदावतात आणि पाळी थांबते. थायरॉइडचे कार्यकारी संप्रेरक घटते, नाडी मंद होते, हात गार पडतात. त्या मुलीच्या अंगावर हे सगळे लिहिलेले होते.

यातील हाडांची बाब गंभीर आहे. प्रौढपणी हाडांत जेवढे खनिज असते, त्यातील सुमारे एकचतुर्थांश वयात येण्याच्या दोन वर्षांत जमा होते. या काळातले नुकसान नंतर पूर्णपणे भरून निघेलच, याची शाश्वती नसते. मनाचे नुकसान आणखी निराळे. ऑस्ट्रेलियातील व्हिक्टोरिया प्रांतात चौदा-पंधरा वर्षांच्या मुलामुलींचा अभ्यास १९९९ साली प्रसिद्ध झाला. त्यात कडक आहारनियंत्रण करणाऱ्या मुलींना पुढील सहा महिन्यांत खाण्याचे मानसिक विकार जडण्याचा धोका, नियंत्रण न करणाऱ्या मुलींच्या अठरापट आढळला. फ्रिजवरचा कागद निरुपद्रवी नसतो.

याचा अर्थ मुलांच्या स्थूलतेकडे दुर्लक्ष करावे, असा मुळीच नाही. आपल्या घरांतून ती झपाट्याने वाढते आहे. परंतु वाढत्या मुलाचे वजन ‘उतरवणे’ हा बहुधा उपचार नसतो. वजन आहे तेथे रोखावे आणि उंचीला पुढे जाऊ द्यावे. वर्षा-दोन वर्षांत प्रमाण आपोआप सुधारते. अतिस्थूल मुलांना अधिक उपचार लागतात, पण ते बालरोगतज्ज्ञाच्या नजरेखाली. मुलासाठी वेगळे ताट आणि वेगळा तक्ता नको. बदलायचे ते घर : तेलाचा डबा, बिस्किटांचा डबा, शीतपेयांच्या बाटल्या, जेवताना चालू असलेला पडदा, संध्याकाळचे बंद झालेले मैदान. आणि मुलांसमोर स्वतःच्या किंवा त्यांच्या जाडीचा विषय काढायचा नाही. ‘मी किती जाड झाले’ हे आईचे आरशासमोरचे वाक्य मुलगी ऐकत असते. माझ्याकडे आलेल्या मुलीने पुढे मला सांगितलेच, ‘‘आई म्हणायची, माझी शरीरयष्टी तिच्यावर गेलीय. मला तिच्यासारखं नव्हतं व्हायचं.’’ आई शेजारीच बसली होती. काही वेळ कोणीच बोलले नाही.

उपचार साधेच होते. पण सोपे नव्हते. खाणे हळूहळू वाढवले. दूध, दाण्याचा लाडू, तूप लावलेली पोळी, अंडे, केळे. समुपदेशकाची मदत घेतली. पहिले दोन महिने प्रत्येक घासाला वाद झाला. सहा महिन्यांनी वजन ४७ किलो झाले, पाचव्या महिन्यात पाळी परतली आणि थांबलेली उंची एक सेंटिमीटरने सरकली. तो एक सेंटिमीटर आलेखावर नोंदवताना मला झालेला आनंद शब्दांत सांगणे कठीण आहे.

आपली जबाबदारी

माझ्या व्यवसायबंधू-भगिनींना एक नम्र विनंती करून हा लेख संपवते. आपण मधुमेहतज्ज्ञ असा, स्त्रीरोगतज्ज्ञ असा, अस्थिरोगतज्ज्ञ असा. ‘वजन कमी करा’ हे वाक्य आपण सारेच रोज लिहितो. त्याबरोबर आहाराचा तक्ता देताना त्याच्या माथ्यावर रुग्णाचे नाव आणि वय ठळक लिहावे, आणि खाली एक ओळ जोडावी : ‘हा तक्ता याच व्यक्तीसाठी आहे; घरातील अठरा वर्षांखालील कोणीही तो पाळू नये.’ ‘घरात मुले आहेत का?’ हा प्रश्न विचारायला अर्धे मिनिट लागते. आणि किती वजन, किती दिवसांत उतरेल, याचा खरा हिशेब रुग्णाला पहिल्याच दिवशी सांगावा.

वाचकांनाही एवढेच सांगेन की, आपले चयापचय आपला शत्रू नाही. लाखो वर्षे दुष्काळातून माणसाला तारून नेणारी ती व्यवस्था आहे. तिला धाक दाखवून काही साधत नाही. थोडे, पण कायमचे बदल ती निमूटपणे मान्य करते. आठवडाभर एक वही ठेवून पाहावी. तिच्यात सापडलेले दोन-तीनशे उष्मांक हाच बहुतेकांचा खरा उपचार असतो.

त्या घरातील फ्रिजवर आता तक्ता नाही. मागच्या खेपेस आईने मला हसत सांगितले, ‘‘मॅडम, तेथे आता किराण्याची यादी असते. तेल तीन लिटर, शेंगदाणे दोन किलो.’’ मुलगी शेजारी उभी होती, आईपेक्षा दोन बोटे उंच.